चौदा नंबर खोलीतली डबी

सोमवार, ४ ऑगस्ट

आज मी दहा वाजून चोवीस मिनिटांनी ऑफिसात हजर होते. हे शाईनं लिहून ठेवते आहे, कारण मोबाईल म्हणतो की मी आलेच नाही.

विद्यापीठानं एक तारखेपासून हजेरीचं रजिस्टर बंद केलं. आता आपापल्या मोबाईलवर हजेरी लावायची, तीही विद्यापीठाचं वायफाय पकडलं असेल तरच. माझी खोली क्रमांक चौदा, इमारतीच्या पार टोकाला. भिंती इंग्रजांच्या वेळच्या, दोन हात जाड. वायफाय कॉरिडॉरमधल्या वॉटर कूलरपर्यंत येतं आणि तिथंच थकून बसतं. कॉम्प्युटरला भिंतीतून वायर आहे, त्याचं नेट बरं चालतं, पण हजेरी मोबाईलवरच पाहिजे. म्हणून रोज सकाळी प्रेमलता मोहरील, वरिष्ठ लिपिक, नोकरी तेहतीस वर्षं, कूलरपाशी मोबाईल उंच धरून उभी! पोरं पाणी प्यायला येतात अन् विचारतात, "मॅडम, कोणाले टाटा करून राहिल्या?"

साडेदहानंतर हजेरी लागली की लेट मार्क. असे तीन झाले की एक रजा कापतात आणि शेरा सेवापुस्तकात जातो. मी एकतीस जानेवारीला निवृत्त होणार. तेहतीस वर्षांत एक शेरा नाही माझ्यावर. आमच्याच ऑफिसातल्या सिंधूताईंची पेन्शन एका शेऱ्यापायी दीड वर्ष अडकली होती, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून ही डायरी. उद्या कोणी विचारलंच तर दाखवायला तारखा तरी राहतील.

बुधवार, ६ ऑगस्ट

१०.२२.

ऋषी, माझ्या बहिणीचा मुलगा, काल घरी आला होता. माझं रडगाणं ऐकून म्हणाला, "मावशी, एवढ्यासाठी काहून टेन्शन घेऊन राहिली तू?" आणि त्यानं आपल्या घरची जुनी राउटरची डबी आणून दिली. भिंतीतली वायर निळ्या भोकात घालायची, पिवळ्या भोकातून दुसरी वायर कॉम्प्युटरला. झालं. खोलीत आपलं स्वतःचं वायफाय, पण नेट विद्यापीठाचंच, म्हणून हजेरीही लागते. वर्गणी नाही, काही नाही.

आज सकाळी फोनवर त्याला विचारत विचारत मीच जोडली. दिवे लागले. खुर्चीत बसून हजेरी लावली अन् इतकं हसू आलं मला की बास. आता कूलरपाशी टाटा बंद. कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून डबी सेवापुस्तकांच्या गठ्ठ्यामागे ठेवली आहे. चोरी नाही केलेली काही, पण ऑफिसात सांगायला गेलं की दहा सह्या लागतात.

मंगळवार, १२ ऑगस्ट

१०.२०.

तपासणी समिती पुढल्या महिन्यात येणार म्हणून आमचे विभागप्रमुख कृष्णकांत सर आज सगळ्या खोल्या पाहत फिरले. माझ्या समोरचं टेबल शालिकरामजींचं. ते मार्चमध्ये निवृत्त झाले, कॉम्प्युटर भांडारात गेला, पण त्यांच्या भिंतीतली वायर तेवढी टेबलावरून खाली लोंबत होती. सर म्हणाले, "मॅडम, एकही वायर लोंबकळताना दिसायला नको. समितीवाले फोटो काढतात."

आता ती कुठे घालू? कापायची तर आपली हिंमत नाही. गुंडाळली तर सापासारखी उलगडते. शेवटी पाहिलं तर डबीला एक पिवळं भोक रिकामं होतं. त्यात तिचं टोक घातलं. कट्ट करून बसलं. टेबल कसं स्वच्छ! सरांना बोलावून दाखवावंसं वाटलं, पण डबी दिसली असती.

निघताना नेहमीप्रमाणे बोर्डावरची सगळी बटणं बंद केली. रेकॉर्ड रूमला शॉर्ट सर्किटनं आग लागली होती, तेव्हापासून मी एकही बटण चालू ठेवून घरी गेलेली नाही. हे हसतात मला. हसू देत.

बुधवार, १३ ऑगस्ट

१०.२६.

अकरा वाजता इमारतीतलं नेट गेलं. वायरचंही अन् वायफायचंही. प्रयोगशाळेत मुलांची ऑनलाइन परीक्षा सुरू होती, सगळ्यांच्या पडद्यावर गोल गोल फिरायला लागलं. आमचे शिपाई रुपराव धावत आले, "बाई, नेट गेलं नं! समदे बोंबलून राहिले तिकडे." माझं चालू होतं, थोडं रेंगाळत होतं एवढंच. देवाची कृपा.

सायंकाळी बरं झालं म्हणे.

गुरुवार, १४ ऑगस्ट

आज पुन्हा तसंच. साडेदहापासून हळू, अकरानंतर ठप्प. स्टाफ रूममध्ये कोणीतरी म्हणालं की हॅकर घुसला आहे, बाहेर देशातला. माझ्या कॉम्प्युटरवर सगळ्यांच्या नोकरीची माहिती, बँकेचे नंबर! दिवसभर मी हातानंच काम केलं, कॉम्प्युटरला बोट लावलं नाही.

नेटवर्क पाहणाऱ्या मिनल ठवकरला बोलावलं होतं, पण ती दुसऱ्या इमारतीत अडकली होती. ती आली सहा वाजता, मी निघाल्यावर. तेव्हा नेट एकदम व्यवस्थित.

सोमवार, १८ ऑगस्ट

१०.१९. शुक्रवार, शनिवार, रविवार सुट्टी होती. वसतिगृहातली मुलं इथं अभ्यासाला येतात, त्यांना तिन्ही दिवस नेट झकास मिळालं म्हणे. आज मी आले अन् अकरा वाजता पुन्हा गेलं. हॅकरलाही सोमवार कळतो का बाप्पा!

दुपारी परिपत्रक निघालं. माझ्याच हातून नोटीस बोर्डावर लागलं. "स्वतःचे कोणतेही उपकरण विद्यापीठाच्या नेटवर्कला जोडणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होईल." लावताना एक टाचणी बोटात गेली.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे पेपर वाचत म्हणाले, "कर नाही त्याला डर कशाला?" म्हटलं, अहो, कर केलं आहे ना मी! तर म्हणे, मग काढून टाक. काढून टाक! अन् हजेरी? कूलरपाशी उभं राहण्यात दोन लेट मार्क आधीच लागले आहेत, तिसऱ्याची वाट पाहू? आणि माझी डबी कोणाच्या अध्यात ना मध्यात. ती माझ्या खोलीपुरती आहे, बाहेर तिचं वायफाय दारापर्यंतही पोचत नाही, मी स्वतः पाहिलं आहे.

बुधवार, २० ऑगस्ट

आज थोडक्यात वाचले.

सकाळी साडेअकराला नेट बंदच होतं. खिडकीतून पाहते तर मिनल शिडी खांद्यावर घेऊन फाटकातून येते आहे. कुही तालुक्यातली पोर ही, घरी धानाची शेती, तीस-एकतीस वर्षांची. सहा वर्षं कंत्राटावर आहे. शिडी कोणाला उचलू देत नाही. आता पहिल्यांदा कायमचं पद निघालं आहे आणि अठरा सप्टेंबरला तिची मुलाखत आहे, हे तिनंच मला सांगितलं होतं. तिचे अनुभवाचे कागद मीच काढून दिले.

तिला पाहिल्याबरोबर मी टेबलाखालून बटण बंद केलं आणि डबीवर सेवापुस्तकं रचली. ती दारात येऊन म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे काही वेगळं जोडलेलं आहे का? राउटर वगैरे?" मी म्हटलं, "मला काय समजतं बाई त्यातलं? बस, चहा घे." चहा घेता घेता तिनं समजावून सांगितलं. या इमारतीतल्या प्रत्येक कॉम्प्युटरला रोज एक पत्ता मिळतो, तो विद्यापीठाच्या मोठ्या मशीननं द्यायचा असतो. कोणाची तरी घरची डबी मध्ये बसली आहे अन् तीच सगळ्यांना खोटे पत्ते वाटते. सगळ्यांची रहदारी त्या एवढ्याशा डबीतून जाते आणि ती गुदमरते.

"मग शोध ना," मी म्हटलं.

"शोधाले नेट बंद पाहिजे नं मॅडम. बंद असतानी कॉरिडॉरच्या कपाटातली एकेक वायर काढून पाहावं लागते. कोणती काढल्यावर चालू झालं, त्या खोलीत डबी. पण मी आली का चालूच होऊन जाते. आता पहा, झालं चालू."

खरंच झालं होतं. सगळ्यांनी कॉम्प्युटर एकदा बंद करून लावले अन् झालं. ती डोकं खाजवत गेली. एक वाजता मी हळूच बटण लावलं, कारण निघतानाची हजेरीही लावावीच लागते.

माझी डबी तर खोलीपुरती, म्हणजे दुसऱ्याही कोणाकडे तरी डबी आहे! दुसऱ्या मजल्यावरच्या त्या नव्या प्राध्यापकांवर माझा संशय आहे. किती वेळ मोबाईलवर असतात.

गुरुवार, २१ ऑगस्ट

मिनल आज दोनदा आली. दोन्ही वेळा मला आधी दिसली. दोन्ही वेळा ती आली अन् नेट आलं. रुपराव सगळ्यांना सांगत सुटले, "नेट घाबरते त्या पोरीले!" सगळे हसले. मिनल नाही हसली.

सोमवार, २५ ऑगस्ट

आज हसणं संपलं.

समितीची माहिती पाच सप्टेंबरपर्यंत अपलोड करायची आहे आणि निम्मीही गेलेली नाही. कुलसचिवांच्या ऑफिसातून सरांना फोन आला, आवाज माझ्या खोलीपर्यंत येत होता. त्यानंतर सरांनी मला बोलावून दार लावलं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही अनुभवी आहात. एक सांगा. रात्री चालतं, सुट्टीत चालतं, ती मुलगी इमारतीत आली की लगेच चालतं. अठराला तिची मुलाखत आहे. 'मी आहे म्हणून नेट आहे' हे दाखवायचा प्रकार वाटत नाही तुम्हाला?"

खरं सांगायचं तर एक क्षण मला बरं वाटलं. म्हणजे माझ्या खोलीत कोणी शोधणार नाही. लगेच लाज वाटली. पण बरं वाटलं ते आधी वाटलं. इथं कोण वाचणार आहे म्हणून लिहिते.

मंगळवार, २६ ऑगस्ट

सरांनी मजकूर सांगितला, मीच टाइप केला, मीच सही केली. "श्रीमती मिनल ठवकर वीस व एकवीस तारखेस विभागात आल्या असता त्या आल्यानंतर काही मिनिटांतच नेटवर्क पूर्ववत झाले, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे." त्यात एक अक्षर खोटं नाही. चारदा वाचून पाहिलं, एक अक्षर खोटं नाही.

जेवण गेलं नाही. हे म्हणाले, उद्या गणपती बसणार अन् तू अशी तोंड पाडून काहून बसली? म्हटलं, अॅसिडिटी.

मंगळवार, २ सप्टेंबर

काल महालक्ष्म्यांचं जेवण झालं, आज उठवल्या. काल-आज दोन दिवस रजा. सोळा भाज्या, पुरण, आंबील, माणसं. हातपाय गळून गेले, पण ऑफिसची आठवण आली नाही, फार बरं वाटलं. महालक्ष्मीपुढे हात जोडून म्हटलं, बाई, हे जानेवारीपर्यंतचं सुखरूप पार पाड. मग मिनलसाठीही काहीतरी म्हणायला गेले, पण काय मागावं ते समजलं नाही.

बुधवार, ३ सप्टेंबर

क्रमानं लिहिते.

सकाळी रुपरावांना प्रसादाची पुरणपोळी दिली. खाता खाता म्हणाले, "बाई, तुमी दोन दिवस नोयत्या तं नेट असं पळून राहिलं होतं का इचारू नका! मिनल बी आली नाही, कोनी आलं नाही. समदं अपलोड झालं सायबाचं." मी हो हो म्हटलं, खुर्चीत बसले, बटण लावलं. दहा मिनिटांनी वरून कोणीतरी ओरडलं, "गेलं पुन्हा!"

मग बटण बंद केलं. घड्याळ पाहत बसले. थोड्या वेळानं वर शांत झालं. पुन्हा लावलं. पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा करायची माझी छाती झाली नाही.

जिन्याखाली जाऊन ऋषीला फोन लावला. तो म्हणाला, "शक्यच नाही मावशी. निळ्यात भिंतीची वायर, पिवळ्यात कॉम्प्युटर, एवढंच ना?" मी म्हटलं, हो, अन् शालिकरामजींची वायर लोंबत होती ती दुसऱ्या पिवळ्यात घातली. तो म्हणाला, "ती वायर कुठून येते?" म्हटलं, भिंतीतून. तर म्हणे, "अवं मावशी! निळ्यात भिंत अन् पिवळ्यातही भिंत? तू अख्ख्या इमारतीले आपल्या डबीतून फिरवून राहिली नं! काढ ती आत्ताच्या आत्ता. अन् कोणाले काही सांगू नको."

बारा ऑगस्टपासून. टेबल स्वच्छ दिसावं म्हणून.

डबी, वायर सगळं पिशवीत घातलं अन् वर टिफिन ठेवला. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं नुसतं "निघाल्या का मॅडम?" म्हटलं तर मी पिशवी छातीशी धरली.

गुरुवार, ४ सप्टेंबर

डबी घरी, गव्हाच्या कोठीमागे. नेट दिवसभर चालू. एकदाही गेलं नाही. हजेरी कूलरपाशी उभी राहून लावली, १०.२९ला लागली.

मला वाटलं होतं की आता सुटले. सगळं आपोआप मिटेल, लोक विसरतील, मिनल मुलाखतीला जाईल.

सोमवार, ८ सप्टेंबर

काही मिटलं नाही. उलट झालं.

सरांनी तीन तारखेलाच कुलसचिवांना लिहिलं होतं की मिनलला या इमारतीच्या कामावरून दूर करा. चार तारखेपासून तिला इथं काम बंद. आणि चार तारखेपासून नेट एकदाही गेलं नाही. आज सर स्टाफ रूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "आणखी काय पुरावा पाहिजे? तिला बाहेर ठेवलं अन् दुखणं बरं झालं." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही तिथंच होते, चहाच्या ट्रेमध्ये माझाही कप होता.

तिचं कंत्राट पंधराला संपतं, ते पुढे वाढवणार नाहीत. अहवाल निवड समितीकडे जाणार. जाणार म्हणजे माझ्याच हातून, माझ्याच जावक रजिस्टरमधून. सहपत्र क्रमांक एक, माझं निवेदन.

मी लपवलं तेव्हा तिच्यावर संशय आला. मी काढून घेतलं तेव्हा तो पक्का झाला. मी काहीही करते ते तिच्याच डोक्यावर जाऊन पडतं! देवा, अशी कशी मी? चांगली शिकलेली बाई आहे मी.

ह्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. हे म्हणाले, "चौकशी लागली तर पेन्शन लटकेल प्रेमा. वर्ष, दोन वर्षं." मी म्हटलं, माहीत आहे. मग म्हणाले, "काढू दोन वर्षं. भाजीत तेल कमी घालू." आणि मला रडू आलं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

१०.३०ला सरांच्या खोलीत गेले. खुर्चीत न विचारताच बसले. सगळं सांगितलं. डबी, शालिकरामजींची वायर, बटण, सगळं.

सर ऐकून हसले. म्हणाले, "तुमच्या घरच्या डबीनं अख्खी इमारत बंद पडते? मॅडम, ती मुलगी येऊन रडली असेल तुमच्याजवळ. तुमचा स्वभाव मऊ." मी म्हटलं, नाही हो सर, ती आलेलीच नाही. मग त्यांचा चेहरा बदलला. "अहवालावर माझी सही आहे. समिती तोंडावर आहे. तुमचे साडेचार महिने राहिले. तुमचे पेन्शनचे कागद इथूनच पुढे जायचे आहेत. कशाला हात दाखवून अवलक्षण? शांतपणे जा."

मी उठून आले. भीती तर वाटतच होती. पण रागही आला, खूप दिवसांनी आला. तेहतीस वर्षं मी खरं बोलले तेव्हा कोणी विचारलं नाही, पहिल्यांदा चूक कबूल करायला गेले तर हा माणूस म्हणतो की तुम्हाला चूकसुद्धा करता येत नाही!

मिनलला फोन केला. "उद्या अकराला ये. तुझं कंत्राट संपतं, त्यासाठीच्या ना-देय दाखल्यावर माझी सही राहिली आहे." ती कोरडेपणानं "येतो" म्हणाली.

बुधवार, १० सप्टेंबर

ऑफिसात बसून लिहिते आहे. १०.५०.

डबी परत आणली. जशी होती तशी लावली. निळ्यात भिंत, पिवळ्यात कॉम्प्युटर, दुसऱ्या पिवळ्यात शालिकरामजींची वायर. बटण लावलं. सेवापुस्तकं उचलून कपाटात ठेवली, टेबल उघडं आहे. अक्षर वाकडं येतं आहे, येऊ दे.

११.०५. वरून पहिली हाक आली. "नेट गेलं का हो तुमच्याकडे?" आता पळावं, बंद करावं, अजूनही कोणाला काही माहीत नाही.

११.१०. मिनल फाटकातून येताना दिसते आहे. आज शिडी नाही.

(घरी आल्यावर, सायंकाळी.)

ती कॉरिडॉरमध्ये शिरली तेव्हा चार-पाच प्राध्यापक बाहेर येऊन ओरडत होते. रुपराव तिला पाहून म्हणाले, "अवं पोरी, आज तं तू आली अन् तरी बंदच आहे!" मी दारातून पाहत होते. ती जागच्या जागी थांबली. एका क्षणात तिला कळलं. हातातली फाईल तिनं रुपरावांच्या हातात कोंबली, कॉरिडॉरच्या टोकाचं कपाट उघडलं आणि ओरडली, "काका, लॅबच्या दारात उभे राहा. नेट आलं का सांगा. मी एकेक काढतो."

सरही बाहेर आले. "तुला परवानगी नाही," म्हणाले. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. एक वायर काढायची, थांबायची, परत लावायची. रुपराव "नाही... नाही... अजून नाही..." असं ओरडत होते. एवढी माणसं जमली होती की सरांना तिला हात धरून बाजूला करता येईना. मी मनात मोजत होते. माझ्या दोन वायरींपैकी कोणती आधी येईल कोण जाणे.

"आलं! आलं गा!" रुपराव ओरडले.

मिनलनं वायरवरची चिठ्ठी वाचली. "चौदा," म्हणाली. सगळे माझ्या खोलीकडे वळले.

ती आत आली. टेबलावर डबी होती, दिवे चमकत होते. तिनं डबी पाहिली, दोन वायरी पाहिल्या, मग मला पाहिलं. मला वाटलं होतं की ती रडेल किंवा हायसं वाटून हसेल. मी काय काय ठरवून ठेवलं होतं बोलायला.

"केव्हापासून, मॅडम?"

"बारा ऑगस्ट," मी म्हटलं. "मला माहीत नव्हतं गं मिनल. तीन तारखेला समजलं."

"आज दहा आहे." तिनं बोटांवर मोजलंही नाही. "अन् वीस तारखेले मी इथंच बसून तुम्हाले इचारलं होतं. तुम्ही मले चहा पाजला."

मी सरांकडे पाहून सगळ्यांसमोर म्हटलं, "ही माझी डबी आहे. मी लावली, मी लपवली, ही आली की मीच बटण बंद करत होते. काल सरांना सांगितलं, त्यांना पटलं नाही." सर लाल झाले. कोणीतरी खोकललं. मिनल म्हणाली, "लिहून द्या." मी म्हटलं, देते, सायंकाळपर्यंत देते. ती म्हणाली, "आत्ताच द्या. मी उभी आहे."

ती उभी राहिली अन् मी लिहिलं. दाखल्यावर सही करायला हात पुढे केला तर तिनं दाखला ओढून घेतला. "याची गरज पडणार नाही आता," म्हणाली अन् गेली. मला क्षमा वगैरे केली नाही तिनं. मीही मागितली नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

हजेरी १०.४०. लेट. तिसरा.

सरांनी अकराला बोलावलं. समोर कागद. म्हणाले, "कुलसचिवांचा आदेश आहे. कारणे दाखवा नोटीस काढायची." मी विचारलं, कोणाच्या नावे? तर म्हणाले, "तुमच्या." मग जरा घुटमळले. "विभागात मराठी टायपिंग तुमच्याशिवाय कोणाला येत नाही."

बसले. सर सांगत गेले, मी टाइप करत गेले. "श्रीमती प्रेमलता मोहरील, वरिष्ठ लिपिक, यांनी अनधिकृत उपकरण जोडून... वस्तुस्थिती लपवून... आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा सात दिवसांत..." दरवेळी माझं नाव आलं की बोट अडखळायचं. शेवटी सर म्हणाले, "बस, एवढंच."

मिनलचं नाव कुठेच नव्हतं. एवढ्या मोठ्या कागदात एकदाही नाही.

मी थांबले. उठून जावं असं वाटलं, पाणी प्यावं असं वाटलं. पेन्शनचं जे काही उरलं आहे ते या माणसाच्या सहीनंच पुढे जायचं आहे. मग मी खाली एक ओळ स्वतःच टाइप केली, "सदर बिघाडात कंत्राटी तंत्रज्ञ श्रीमती मिनल ठवकर यांचा कोणताही दोष नसल्याचे सिद्ध झाले आहे, सबब दिनांक तीनचे पत्र व त्यासोबतचा अहवाल मागे घेण्यात येत आहे." छापून त्यांच्यापुढे ठेवलं.

सरांनी वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी पाहत राहिले, मान खाली घातली नाही. कॉरिडॉरमध्ये काल कोण कोण उभं होतं, ते दोघांच्याही ध्यानात होतं. त्यांनी सही केली.

तीन प्रती काढल्या. तिन्हींवर जावक क्रमांक घातला. एक कुलसचिवांना पाठवली. एक मला, तिची पोच म्हणून माझ्याच रजिस्टरमध्ये मीच सही केली. तिसरी घेऊन कपाटापाशी गेले आणि मिनलच्या फाईलला, निवड समितीकडे जाणाऱ्या कागदांच्या अगदी वर, लावली.